कळप चालता राहिला पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार. संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. आपल्याकडची कुरणं म्हणजे पुरंदर, फलटण, माण, सोलापूर इकडची माळरानं. सरकारी कागदावर ती बरेचदा ‘पडीक’ असतात. पण लांडगा, चिंकारा, सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी आणि धनगरांची मेंढरं, सगळी याच गवतावर जगत आली.

पुरंदरच्या एका माळावर दिवाळीच्या तोंडावर मी एका धनगरवाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, मुक्कामाला होतो. समोर गुडघाभर पवन्या उभा, आणि मेंढरं मात्र लांब ओढ्याच्या अंगाला. मी वाड्याच्या कारभाऱ्यांना विचारलं, “मामा, एवढं गवत सोडून तिकडं का?” त्यांनी एक कणीस ओरबाडलं, तळहातावर चुरलं. दाणा कच्चा होता. म्हणाले, “आत्ताच खाल्लं तर पुढच्या साली काय? बी पडू द्या. मग मेंढरं घालायची. खुरानं बी मातीत दबतंय.”

संध्याकाळी मोटारसायकलवर एक शेतकरी आला. बाजरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची होती. रात्रीचे किती, ज्वारी किती, विहिरीचं पाणी मिळणार का, यावर दोन चहा होईपर्यंत घासाघीस चालली. व्यवहार ठरला. तो गेल्यावर मामा मला म्हणाले, “हा आला नसता, तर उद्या ह्याच पवन्यात मेंढरं घालावी लागली असती.”

ऐकलंत ना? माळावरचं गवत वाचलं ते शेतकऱ्याला लेंडीखत हवं होतं म्हणून. कळप चालता राहिला तर गवत टिकतं.

आता बारमाही ऊस आला, रासायनिक खत आलं, तारेची कुंपणं आली. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत जायचं, पावसाआधी परत यायचं, त्या वाटाही अडल्या. मग वाडा एकाच जागी अडकतो, तेच तेच गवत परत परत तोडलं जातं. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं हटतात आणि टोचरी कुसळी माजते. म्हणून पुन्हा सांगतो, कळप चालता राहिला पाहिजे.

घोंगडीचंही सांगतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीतून आज कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक घरात एक घोंगडी असलीच पाहिजे. आणि माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची झाडं लावणं म्हणजे हिरवाई, हे मला अजिबात पटत नाही. गवताला वाढायला मोकळं ऊन लागतं.

तुमच्या गावच्या गायरानावर झाडं लावायचा, किंवा ते दुसऱ्या कामाला द्यायचा ठराव ग्रामसभेत आला, तर दरवर्षी तिथं उतरणाऱ्या वाड्याच्या कारभाऱ्यांना आधी बोलावून घ्या. वाडा कोणत्या महिन्यात येतो, कुठल्या वाटेनं जातो, पाणी कुठं लागतं, हे त्यांना विचारून ठरावात लिहून घ्या. नमस्कार.