पिशवी काढायच्या आधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातला उसाचा फड. बीडकडची टोळी उजाडायच्या आधीच कोयते घेऊन आत शिरलीय. त्यातली एक बाई मोळी उचलते, चार पावलं जाते आणि बांधावर टेकते. पाळीचा दुसरा दिवस आहे. घरी बसली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात आडोसा उसाचाच. तोही दुपारपर्यंत तोडून होतो.

‘अंगावरून लई जातंय,’ एवढंच ती दवाखान्यात सांगते. कुणाचं पांढरं जातं, कुणाची कंबर दुखते. सल्ला मात्र एकच मिळतो: गर्भाची पिशवी काढून टाका. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी आधीच काढलेली निघाली.

ते तिकडचं, असं म्हणून कोल्हापूरकरांना सुटता येणार नाही. हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणारी, इचलकरंजीत कांड्या भरणारी बाईही अंगावरच काढते. नवरात्र जवळ आलं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर येतात, ते वेगळंच.

जास्त म्हणजे किती? पाळी सात दिवसांवर चालली, तासा-दोन तासाला पॅड भिजला, दहाच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडल्या, तर ते जास्तच. त्यात हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की अंगात रक्त कमी, आणि फारच घसरलं की जिना चढतानाही धाप लागते. यामागचं कारण पिशवीत वाढलेल्या गाठी असतील, थायरॉईड असेल, चाळिशीतली हार्मोन्सची उलथापालथ असेल, कधी बसवलेली तांबीही असते. ते रक्ततपासणी आणि सोनोग्राफीशिवाय कळत नाही. पंचेचाळिशीनंतर पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासतात. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. पांढरं जाणं तर बहुतेक वेळा औषधानंच थांबतं.

ऑपरेशन कधीकधी लागतंच, कॅन्सरमध्ये तर नक्कीच. पण पस्तिशीत पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर पाळी जायचं वय एका दिवसात येतं. अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा नाहीतर खासगीत, टेबलावर जायच्या आधी तीन गोष्टी विचारा. आजार नेमका कोणता? औषधानं बघितलं का? बीजकोष ठेवणार का? आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.