क्रूझरचा टायर: आधी वजन, मग बाकीचं

टायरवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या कंपनीचा घेऊ?" नावं सांगतो, पण शेवटी आणि घाईत. क्रूझरवाल्यानं, म्हणजे लांब पल्ल्याची जड, रेलून चालवायची मोटारसायकल असणाऱ्यानं, त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या मागच्या चाकावर बसतात तरी किती किलो?

ढोबळ हिशेब करू. गाडी ३२० किलोची धरा. मोठ्या क्रूझरला हे काही फार नाही. त्यातलं निम्मं मागे, म्हणजे १६०. चालवणारा ८० किलोचा. क्रूझरवर आपण पाय पुढे टाकून मागे रेलून बसतो, त्यामुळे त्यातले ५५-६० किलो मागेच जातात. डबलसीटवरची व्यक्ती ६५ किलोची असेल, तर ती जवळजवळ अख्खी मागच्या चाकावर. शिवाय दोन्ही बाजूंच्या बॅगा, २५ किलो. झाले ३०५ ते ३१०.

आता टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते बघा. १३०/९०-१६ ६७ एच. १३० मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ९० टक्के उंची, १६ इंची रिम. इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचा ६७ कुणी वाचत नाही. तो भारांक, टायर किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा. ६७ म्हणजे ३०७ किलो. म्हणजे आपला टायर अगदी काठावर आला! त्याच मापात ७३ भारांकाचाही टायर मिळतो, तो ३६५ किलो पेलतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच. आणि हे ३०७ किंवा ३६५ किलो हवा पूर्ण असेल तेव्हाचे बरं का. हवा कमी, की पेलण्याची ताकदही कमी.

एच हे वेगाचं अक्षर, ताशी २१० किलोमीटर. "मी कुठे एवढ्या वेगानं जाणार?" असं म्हणून खालच्या अक्षराचा टायर घेऊ नका. ते अक्षर टायर किती उष्णता सोसेल हेही सांगतं, आणि जड गाडी टायर तापवतेच.

भारांक ठरला की जुन्या टायरकडे वळा. तो काढून फेकायच्या आधी मागे उकिडवे बसा आणि मधल्या पट्ट्यावरून आडवा हात फिरवा. लांबच लांब सरळ रस्ते मारणाऱ्याचा टायर मधोमध सपाट झालेला असतो, आणि सपाट भाग संपतो तिथे बोटाला चक्क धार लागते. वळणात गाडी आधी झुकायला कुरकुरते आणि मग एकदम पडल्यासारखी होते, ती याच धारेमुळे. बरेच जण हँडलला नाहीतर सस्पेन्शनला दोष देत बसतात. तुमचा टायर असा झिजला असेल, तर मध्ये कडक आणि कडांना मऊ रबर असलेला टायर घ्या. मधला भाग शाबूत आणि कडा झिजलेल्या असतील, तर तुम्ही घाटातले गडी. तुम्हाला पकड हवी, आयुष्य थोडं कमी चालेल. पुढच्या टायरवर खळगे पडले असतील तर नवा टायर हा त्यावरचा इलाज नाही. आधी हवेचा दाब, चाकाचा बॅलन्स आणि फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) तपासा, नाहीतर नव्यालाही तेच होईल.

रेडियल की बायस, म्हणजे टायरच्या आतले धागे सरळ आडवे की तिरके, यावर लोक तावातावानं भांडतात. बायसच्या बाजू ताठ असतात, वजन मुकाट सोसतात. रेडियल कमी तापतो. मापात आर असेल तर रेडियल, बी असेल तर पट्टा घातलेला बायस, नुसती आडवी रेघ असेल तर साधा बायस. गाडी बनवणाऱ्यानं जे दिलंय ते धरून चाला. एक पुढे आणि एक मागे अशी सरमिसळ मात्र निर्मात्यानं स्पष्ट सांगितल्याशिवाय करू नका.

रुंद टायरचा मोह मला कळतो. मागून गाडी भारदस्त दिसते. १८०/६५-१६ आणि १३०/९०-१६ यांची उंची कागदावर सारखीच येते, साधारण ६४० मिलिमीटर, म्हणून वाटतं की सहज बसेल. पण पहिल्याला ५ इंच रुंद रिम लागते, दुसऱ्याला ३. अरुंद रिमवर रुंद टायरच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो, आणि रस्त्याला टेकणारं रबर उलट घटतं. मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टला घासेल ते वेगळंच.

तारांचं (स्पोकचं) चाक असेल तर बहुधा ट्यूब असते. टायरबरोबर तीही नवी टाका. टायरच्या बाजूवर DOT नं सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे दुकानातच वाचा, टायर कधी बनला ते त्यात असतं. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नवा टायर चढवल्यावर पहिले दीडशेक किलोमीटर सबुरीनं घ्या.

आता नावं. मिशेलिन कमांडर, मेत्झेलर क्रूझटेक, डनलॉप अमेरिकन एलिट, ब्रिजस्टोन एक्झेड्रा हे याच जातीच्या गाड्यांसाठी बनवलेले टायर आहेत. तुमच्या मापात आणि भारांकात यांतला जो बसेल तो घ्या. मला तरी यापुढची चर्चा चवीची वाटते.

एक चिठ्ठी आली आहे: "मागे कारचा टायर बसवला तर? खूप टिकतो म्हणतात." टिकतो, खोटं नाही. पण तो सपाट उभं राहून चालायला बनवलेला असतो; वळणात झुकला की कोपऱ्यावर चालतो. शिवाय कारच्या आणि मोटारसायकलच्या रिमची कड सारखी नसते, त्यामुळे टायर रिमवर नीट बसवायला कधी कधी मर्यादेबाहेर हवा भरावी लागते. म्हणून एखाद्या कारागिरानं नकार दिला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्या वेळी टायरशेजारी तो उभा असतो, तुम्ही नाही.