मागची बाजू दाखवा

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा ब्लाउज शेवटच्या रांगेपर्यंत दिसतोय का? जांभळा, सॅटिनचा. रंग थोडा उडालाय, बगलेत तर फारच. माझ्या आईचा आहे, १९९५ सालचा. म्हणजे माझ्या जन्माच्या सात वर्षं आधीचा. आदल्या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ लागला होता आणि माधुरी दीक्षितच्या त्या जांभळ्या साडीबद्दल इथल्या काकूंना मी काही सांगायला नको. आईचं लग्न व्हायचं होतं, तिलाही तस्साच ब्लाउज हवा होता. पाठ उघडी असलेला.

आता फिरवते. बघा. कुठाय उघडी पाठ? वरून खालपर्यंत कापड आहे, मधोमध पानाच्या आकाराची एक खिडकी, चार बोटं रुंद, आणि तिलाही आतून जाळी. आजोबा घरात होते ना. त्यामुळं माधुरीची पाठ आमच्या घरात चार बोटांचीच आली. शिवला माझ्या मावशीनं. ती तेव्हा शिवणक्लास संपवून नुकतीच घरी मशीन घेऊन बसली होती.

मला दिलेला विषय आहे ‘सेलिब्रिटी स्टाइल आणि आजची तरुणाई’. तरुणाईच्या वतीनं बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. मला कपडे आवडतात, एवढंच माझं भांडवल. मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी न्यूयॉर्कला मेट गाला, म्हणजे मेट म्युझियमचा फॅशनसोहळा असतो, तेव्हा आपल्याकडं मंगळवारची पहाट असते आणि मी मोबाईल घेऊन जागी असते. आई म्हणते, एवढ्या पहाटे कधी अभ्यासाला उठली नाहीस. खरं आहे. पण मी कपडे बघायला शिकले ते तिथं नाही, मावशीच्या दुकानात. आणि मला आज जे सांगायचंय ते तिथलंच आहे. हिरॉइन काय घालते यावरून ट्रेंड ठरत नाही. गल्लीतल्या शिंपीणबाईंना त्यातलं काय जमतं आणि त्या काय नाकारतात, त्यावर तो ठरतो.

दुकानात मुली येतात त्या मोबाईल पुढं करतच. अमुकतमुकचा लूक, अस्साच पाहिजे. मावशी चष्मा वर करून फोटो मोठा करते, आणि तिचा पहिला प्रश्न कायम एकच असतो: “समोरून दिसतंय गं, मागची बाजू दाखव.” मागची बाजू नसते! इन्स्टाग्रामवरचे शंभर फोटो काढा, त्यातले नव्वद समोरून असतात. हुक कुठं आहेत, डोरी आहे की चेन, अस्तर कुठवर आहे, काही कळत नाही. मग मावशी मागची बाजू मनानं करते. आपल्याकडं समोर पदर येतो, म्हणजे ब्लाउजचा दिसणारा भाग पाठच. फोटोतल्या डिझायनरनं समोरचा भाग केला आणि मावशीनं पाठ केली, तर तो ब्लाउज कुणाचा म्हणायचा?

आलिया भटची २०२४ च्या मेट गालाची साडी आठवत असेल. डिझायनर सब्यसाची मुखर्जींनी केलेली, फिकट पिस्ता रंगाची, मागं तेवीस फूट लांब घोळ. तेव्हा एक आकडा सगळीकडं फिरला होता: १६३ कारागीर, १९६५ तास. मी भारावून तो मावशीला वाचून दाखवला. मावशी हातशिलाई करत होती. म्हणाली, “माणशी किती झाले?” मी भागाकार केला. बारा तास. “मग लग्नसराईत मी रोजच एक आलिया करते की.” आता हा हिशेब बरोबर नाही, मला माहितीये. इतक्या हातांनी एकच कापड भरणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मावशीनं तसलं भरतकाम कधी केलेलं नाही. पण त्या दिवसापासून असा आकडा ऐकला की मी आधी भागाकार करते. अनुष्का शर्माचा डिसेंबर २०१७ मधला लग्नाचा लेहंगा घ्या, तोही सब्यसाचींचाच. ६७ कारागीर, ३२ दिवस, असं तेव्हा सांगितलं गेलं. गुणाकार करा. हे काम मेटच्या साडीच्या कितीतरी पट होतं.

आणि बघा, आपल्या गावात आला तो हा लेहंगाच. तेवीस फुटी घोळ कुणी मागितला नाही. फिका गुलाबी मात्र सगळ्यांनी मागितला. त्याआधी लेहंगा म्हणजे लाल नाहीतर मरून. आमच्याकडं गंमत अशी की लग्न लागताना पिवळी अष्टपुत्री, मग शालू नाहीतर पैठणी, ही जागा कुणी सोडली नाही. गुलाबी आला तो रिसेप्शनला आणि साखरपुड्याला. दुकानात त्या रंगाला अजून ‘अनुष्का कलर’च म्हणतात. इटलीतल्या लग्नातला रंग गावात पोचला तो असा, मागच्या दारानं, पुढचं दार अष्टपुत्रीनं अडवलेलं.

एक फजिती सांगते. आलियानं एप्रिल २०२२ मध्ये लग्नात लाल-पिवळं काही न नेसता हस्तिदंती ऑर्गेंझाची, म्हणजे पातळ पण ताठ कापडाची, साडी नेसली आणि मी ठरवलं, मामेबहिणीच्या लग्नात मी हेच करणार. पांढरं नको म्हणून मोतिया रंग घेतला. दुकानदार म्हणाला प्युअर सिल्क आहे. मावशीनं एक धागा ओढून काडीनं पेटवला, तो वितळून गोळा झाला. रेशीम जळताना केसासारखा वास येतो आणि राख चुरगळते, प्लास्टिकचा गोळा होतो. मी तरीही तीच नेसले. उभी होते तोवर ठीक होतं. पंगतीत खाली बसले आणि निऱ्या फुगून पुढं आल्या, जणू मांडीवर कुणी कागदी कंदील ठेवलाय. वाढणाऱ्या काकांना माझं पान सापडेना. उठताना ब्लाउजची बगल उसवली. हलक्या ऑर्गेंझात टीप धरत नाही, धागे सरकतात. पुढचे तीन तास मी डावा हात अंगाशी चिकटवून वावरले. सगळे विचारत होते, हात दुखतोय का.

तेव्हा लक्षात आलं की सेलिब्रिटींना आपण उभंच बघतो. फार तर जिना चढताना, आणि तेव्हाही घोळ उचलायला मागं माणसं असतात. आपले समारंभ बसायचे आहेत. पाट, पंगत, ओटी भरणं, वाकून नमस्कार. जो कपडा बसू शकत नाही तो आपल्याकडं टिकत नाही. तीच साडी आलियानं ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घेताना पुन्हा नेसली आणि लग्नाची साडी परत नेसली म्हणून केवढं कौतुक झालं! माझ्या आजीनं तिचा शालू सहा मुंजींत आणि चार लग्नांत नेसला, फक्त तिचा फोटो कुणी काढला नाही. असो, हा जरा टोमणा झाला.

आता ज्यांच्यासाठी मी खरं तर हे व्याख्यान घेतलं, त्यांच्याकडं वळते. भानू अथय्या. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९, इथलाच, कोल्हापूरचा. ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर, आणि तो मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, हे आपण सगळे स्पर्धापरीक्षेच्या प्रश्नासारखं पाठ म्हणतो. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, चित्रकारच. मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता कपड्यांकडं आणि मग सिनेमाकडं वळल्या. ‘वक्त’ मध्ये, १९६५ साली, साधनाला त्यांनी अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार दिला, आणि कॉलेजच्या मुलींनी तो उचलला.

पण मला वेड लावलंय ते १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तल्या मुमताजच्या नारिंगी साडीनं. ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ गाणं पुन्हा बघा, पण माझ्यासारखं आवाज बंद करून. त्या गाण्यात बाई थांबतच नाही. उड्या, गिरक्या, आणि साडी अंगावर घट्ट लपेटलेली. नुसती खोचलेली साडी पहिल्या कडव्यातच सुटली असती. भानूताईंनी ती शिवून घेतली, चेन लावून. म्हणजे नाचायचं कसं हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला आणि दिसणं त्यातून आलं. मागची बाजू आधी! पुढं ‘मुमताज साडी’ म्हणून ती गाजली. आज मोठमोठ्या डिझायनरांच्या दुकानांत ‘प्री-स्टिच्ड साडी’ नव्या युगाची कल्पना म्हणून टांगलेली असते, तेव्हा मला हसू येतं.

आणि हसू येतं याचं दुसरं कारण आपल्याच दुकानांत आहे. शिवलेली नऊवारी. मावशीकडं वर्षाला सगळ्यात जास्त काम त्याचंच. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, असे प्रकार मागतात. गिऱ्हाईक नऊवार साडी आणून देतं, मावशी कासोटा, निऱ्या, ओचा सगळं जागच्या जागी बसवून कमरेला नाडी घालते. पाच मिनिटांत नेसून होते. कितीतरी आज्यांनी आधी नाकं मुरडली. आता त्याच आज्या गुडघे धरतात म्हणून स्वतःसाठी शिवून नेतात. या कपड्याचा कुणी डिझायनर नाही. त्याचं श्रेय घ्यायला रॅम्पवर शेवटी वाकून नमस्कार करणारं कुणी नाही.

कोल्हापुरात उभी राहून प्राडाचं, त्या इटालियन फॅशन कंपनीचं, नाव घेतलं नाही तर तुम्ही मला खाली उतरू देणार नाही. थोडक्यात घेते, कारण त्यावर सगळं बोलून झालंय. जून २०२५, मिलान, पुरुषांच्या कपड्यांचा शो, मॉडेलच्या पायात आपली चप्पल, आणि वर्णन काय तर चामड्याची सँडल. जी चप्पल महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांची म्हणून २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनात, नोंदली गेलीय, तिचं गावच नाही. ओरड झाली, मग कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर इथंच सुमारे दोन हजार जोड करून घेण्याचा करार जाहीर केला. किंमत आठशे युरोंच्या आसपास. मला राग आला होता, पण त्याहून जास्त मला उत्सुकता होती: त्यांनी ती उलटी करून बघितली असेल का? बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण. तळाची ती शिवण बघितल्याशिवाय कोल्हापुरी चप्पल बघितली असं मी म्हणणार नाही.

घड्याळ दाखवतायत, थांबते. हा ब्लाउज मी इथं टेबलावर उलटा करून ठेवते. आतल्या बाजूला खिडकीच्या कडेनं मावशीच्या खडूची खूण अजून पुसट दिसते. एक रेघ आहे आणि तिच्या आत अर्ध्या बोटावर दुसरी. आईनं मोठी खिडकी मागितली असावी, मावशीनं आखलीही असावी, आणि मग बाहेरच्या खोलीतून कुणाचा तरी खाकरण्याचा आवाज आला असावा. ज्यांना बघायचंय त्यांनी पुढं या. हात तेवढे पुसून या, बाहेर भजी आहेत असं कळलंय.