पाण्याखालचं घर, कागदावरची वाट

नमस्कार श्रोतेहो.

दोन गोंयकार पहिल्यांदा भेटले की विचारपूस कुठून सुरू होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मूळ गाव कुठलं? कुळदेव कुठला? माझं उत्तर पटकन देता येतं. कवळ्याची शांतादुर्गा. पण नकाशा पुढ्यात घेतला की माझं बोट एका जागी ठरत नाही, कारण देवी मूळची जुन्या साष्टीतल्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देवळं मोडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदीपार अंत्रुजेत, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आणले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मग माझं मूळ कुठे दाखवायचं? केळशीला, कवळ्याला, की मधल्या जुवारीच्या पाण्यावर?

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १५८३ मध्ये, लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण गोव्यात आला. आर्चबिशपच्या पदरी पाचेक वर्षं राहिला. त्याने केलेला गोवा शहराचा नकाशा १५९६ साली त्याच्या प्रवासग्रंथात छापला गेला. त्यातले रस्ते, चर्च, बाजार, घरांच्या रांगा मी भिंग लावून पाहिल्या आहेत. काम देखणं आहे, मनापासून सांगते. आपल्या देवांची वाट मात्र त्यात सापडत नाही. तो नकाशा ज्यांच्यासाठी काढला, त्यांना ती वाट नको होती.

ती आपण काढायची. मी चित्रकला शिकवते, आणि नकाशा हा मला चित्राचा फार जिव्हाळ्याचा प्रकार वाटतो. मोठमोठ्या कलावंतांनी तो हाताळला आहे. मुंबईच्या रीना सैनी कल्लाट यांनी विजेच्या तारांनी जगाचा नकाशा विणला आणि त्यात परमुलखात गेलेल्या माणसांच्या वाटा दाखवल्या. पण मला पुन्हा पुन्हा आठवतात त्या झरीना हाश्मी.

झरीना अलीगढच्या, जन्म १९३७ चा. फाळणी झाली तेव्हा दहा वर्षांच्या. पुढे घरचे लोक पाकिस्तानात गेले आणि त्या स्वतः देशोदेशी राहत न्यूयॉर्कला पोचल्या. अलीगढच्या वडिलांच्या घराचा आराखडा त्यांनी चित्र म्हणून काढला. २००१ मध्ये त्यांनी लाकूडठशात भारत-पाकिस्तानची सीमा छापली. कागदभर उतरत गेलेली एक काळी, वेडीवाकडी रेघ. ज्यांनी कधी लाकूडठसा केला आहे, त्यांच्या हाताला हे चित्र डोळ्यांआधी कळेल. ठशात जो भाग उंच राहतो, त्यालाच शाई लागते. म्हणजे एवढी एक रेघ उमटवायची तर तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड कोरून काढावं लागतं. दोन्हीकडचे देश तासून टाकल्यावर सीमा उरते. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा माझ्या हातातली छिन्नी मी खाली ठेवली होती.

आपल्याकडे गाव आडनावातच असतं. बोरीचे बोरकर, केरीचे केरकर. आणि कुर्डीचे कुर्डीकर. गानतपस्विनी मोगूबाईंचं हे गाव सांगे तालुक्यात होतं. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कुटुंबांना दुसरीकडे वसवलं गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती, वाटा, देवळाची जागा उघडी पडते. मे महिन्यात लोक तिथे जातात आणि आपलं घर शोधून त्यावर उभे राहतात.

माझ्या वर्गात अशा एका घरची मुलगी होती. मी मुलांना सांगितलं होतं, आपल्या घराचा नकाशा काढा, पट्टी वापरू नका, जे जवळचं वाटतं ते मोठं काढा. कोणी कुळागर काढलं, कोणी बसथांबा. एकाने आईची मासळीची पाटी घराहून मोठी काढली आणि मला ते फार आवडलं. ही मुलगी मात्र कोऱ्या कागदावर पांढरी मेणबत्ती घासत बसली होती. काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, तास संपत आला." ती म्हणाली, "बाई, थांबा."

मग तिने निळा रंग भरपूर पाण्यात कालवला आणि रुंद कुंचल्याने कागदभर ओढला. मेणावर रंग धरत नाही. निळ्यातून एकेक रेघ पांढरी उमटू लागली. पायऱ्या, तुळस, न्हाणीघर, तळी, तळीकडे जाणारी वाट, वाटेच्या कडेला घराजवळ एक आंबा. त्या घरात ती कधी राहिली नव्हती. तिचा जन्म नव्या वसाहतीतला. सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं.

शाळेच्या प्रदर्शनात तिची आजी आली. चष्मा सारखा करून तिने चित्रावर बोट ठेवलं. पायऱ्यांवरून तुळशीपाशी आणि तिथून वाटेने पुढे ते हळूहळू सरकत गेलं, कोणी चालावं तसं. आंब्यापाशी थांबलं. "आंबो तळयेकुशीक आशिल्लो गो," ती म्हणाली.

मुलीने चित्राकडे पाहिलं. रंग वाळला होता, आता वरून मेण घासून उपयोग नव्हता. ती माझ्याकडे आली आणि तिने दुसरा कागद मागितला. आजी बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसली.