पत्ता कोणता लिहायचा?

(पडद्यावर: पहाटेचा कोगनोळी नाका. एसटीच्या गाड्या, मालट्रक आणि संसार लादलेला एक ट्रॅक्टर.)

कागल मागे पडले की महामार्गावर कोगनोळीचा नाका लागतो आणि निपाणी तालुका, म्हणजेच कर्नाटक, सुरू होते. २०२१ साली याच नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर तपासणीचा अहवाल दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाला पुढे सोडत नव्हते. एरवी या रस्त्याने कोण कुठे कामाला गेला आणि कोणता आजार घेऊन परतला, याची विचारपूस कोणी करत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माणसाला राज्याची सीमा हा वादाचा विषय म्हणून तोंडपाठ आहे. तीच सीमा दवाखान्याच्या नोंदवहीत काय करते, हा या चित्रफितीचा विषय आहे.

या भागातले स्थलांतर एका दिशेचे नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या आसपास पाल टाकतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघेही फडाला बांधलेले असतात, आणि एक दिवसाचा खाडा पडला तरी हिशेबातून रक्कम कापली जाते. त्याच काळात खानापूरकडची मुले चोर्ला घाट उतरून गोव्याला बांधकामावर किंवा हॉटेलांत गेलेली असतात. आणि बेळगाव, बागलकोट, विजयपूर या जिल्ह्यांतील काही स्त्रिया देहविक्रयासाठी सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबई येथे जातात, सणाला किंवा जत्रेला गावी येतात आणि पुन्हा जातात. यांतील अनेकींच्या घरात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलगी सोडण्याची, म्हणजे तिला देवदासी करण्याची, चाल होती. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने ती बंद केली. मात्र त्या मुलीच्या कमाईवर चालणारे घर पुढे कसे चालावे, याची सोय कायद्याच्या मजकुरातून होणारी नव्हती.

एचआयव्हीच्या संशोधनात उत्तर कर्नाटकाचे नाव ठळकपणे येऊ लागले ते या शतकाच्या सुरुवातीला. कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्ट आणि कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ कार्यक्रमाअंतर्गत येथे दीर्घकाळ काम केले. बेळगावसह कर्नाटकातील पाच जिल्ह्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या लागोपाठ दोन पाहण्या झाल्या, आणि त्यांत एचआयव्हीचे प्रमाण १९.६ टक्क्यांवरून १६.४ टक्क्यांवर आलेले दिसले. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण तो जपून वाचावा लागतो. पहिल्या पाहणीतील किती जणी दुसऱ्या पाहणीच्या वेळी सीमेपलीकडे होत्या, किती जणी हयात नव्हत्या आणि किती नव्याने या व्यवसायात आल्या होत्या, हे एका टक्केवारीत मावत नाही. म्हणूनच संशोधकांनी पुढे गाव आणि शहर वेगवेगळे न मोजता, त्यांना जोडणारा उत्तर कर्नाटक ते दक्षिण महाराष्ट्र हा सबंध पट्टाच अभ्यासाचा विषय मानला. आमच्या मते या साऱ्या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच होते. स्थलांतरित माणसाला सरसकट ‘जोखमीचा गट’ म्हणणे सोपे असते; पण जोखीम त्याच्या अंगात नसते, ती संडास नसलेल्या पालात, अनोळखी शहरातल्या एकटेपणात आणि उचलीच्या हिशेबात असते.

(पडद्यावर: शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवलेल्या हिरव्या, लाल आणि पांढऱ्या पेट्या.)

असे खाजगी प्रश्न विचारायचे तरी कसे? समोर बसून विचारले तर माणूस ऐकणाऱ्याला बरे वाटेल तेच सांगतो, आणि विचारणारी व्यक्ती पलीकडच्या आळीतली असेल तर तेवढेही सांगत नाही. यावर कर्नाटकात मतदान केंद्रासारखी पद्धत वापरली गेली. दहा-बारा जण एका खोलीत, पण प्रत्येक जण आपापल्या आडोशाला बसतो. हातात क्रमांक घातलेली कार्डे असतात. प्रश्न मोठ्याने वाचला जातो. उत्तर ‘होय’ असेल तर त्या क्रमांकाचे कार्ड हिरव्या पेटीत टाकायचे, ‘नाही’ असेल तर लाल पेटीत, आणि प्रश्न आपल्याला लागूच नसेल तर पांढऱ्या पेटीत. कार्डावर नाव नसते आणि लिहावेही काही लागत नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेली बाईही कोणाची मदत न घेता उत्तर देते. एकेकीने काय सांगितले हे संशोधकालाही कधी कळत नाही. त्याला फक्त गटाची बेरीज मिळते. समोरासमोरच्या मुलाखतीत दडून राहणाऱ्या बऱ्याच गोष्टी या पेट्यांत उतरतात.

प्रश्न कोणत्या शब्दांत वाचायचा, हे मात्र तितकेच अवघड आहे. छापील प्रश्नावलीत ‘लैंगिक आजार’ असतो. बाई म्हणते, ‘अंगावरून पांढरं जातंय.’ कन्नडमध्ये याच तक्रारीला ‘बिळी सेरगु’ म्हणतात, शब्दशः पांढरा पदर. सीमाभागातल्या परिचारिकेला हे दोन्ही शब्द कळावे लागतात, कारण सरकारी दवाखान्यात उपचाराची सुरुवात रुग्णाने सांगितलेल्या लक्षणांवरूनच होते.

(पडद्यावर: टेबलावर मांडलेली रंगीत औषधांची पाकिटे.)

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात या आजारांसाठी रंगांप्रमाणे सात पाकिटे ठरवलेली आहेत. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयाच्या मुखातून स्राव असेल तर करडे पाकीट, त्यात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. योनीतून पांढरे जात असेल तर हिरवे, त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे पाकीट दिले जाते. हिरव्या पाकिटातली औषधे एकाच वेळी घेऊन संपतात. या पद्धतीत एक उणीव जगजाहीर आहे: स्त्रियांमध्ये परमा आणि क्लॅमिडिया या लैंगिक आजारांचा संसर्ग पुष्कळदा कोणतेही लक्षण दाखवत नाही, आणि लक्षणच नसेल तर पाकीटही हाती पडत नाही.

पांढरे जाण्याची ही तक्रार कुठवर जाऊ शकते, हे बीडमध्ये दिसले. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या काळात तेथे ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाते, पोट दुखते, आणि पाळीमुळे खाडा पडतो. एवढ्या कारणांवर, कर्करोगाची भीती घालून, या शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी होत्या. ज्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारे हिरवे पाकीट होते, तिच्यापायी कर्ज काढून गर्भाशय काढले गेले. याच जिल्ह्यातल्या टोळ्या दरवर्षी बेळगावच्या फडांतही येतात.

पाकीट पुष्कळदा एकटीला देऊन भागत नाही. नवरा किंवा जोडीदार यालाही औषध द्यावे लागते, अन्यथा संसर्ग परत येतो; आणि जोडीदार त्या वेळी गोव्यात असतो, नाहीतर पुढच्या कारखान्यावर गेलेला असतो. एचआयव्हीच्या औषधांचे तसेच आहे. एप्रिल २००४ पासून ती सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली, पण ती आयुष्यभर आणि खंड न पडता घ्यावी लागतात. बेळगावात नाव नोंदवलेल्या व्यक्तीला सांगलीत नियमित औषध हवे असेल तर बदलीचे पत्र लागते, आणि ते मागायला बेळगावच्या केंद्रात जाऊन आपण कुठे, कशासाठी चाललो हे सांगावे लागते. देहविक्रय करणारी स्त्री ते सहसा सांगत नाही. ती दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागते. मिळाल्या तर पर्समध्ये तळाशी, डब्यातून काढून साध्या कागदाच्या पुडीत बांधून नेते, म्हणजे खोलीतल्या दुसरीला त्या कशाच्या आहेत हे कळत नाही.

(पडद्यावर: उघडी नोंदवही. पत्त्याचा रकाना.)

नोंदवहीतल्या पत्त्याच्या रकान्यात एकच ओळ आहे. गावाचा पत्ता लिहिला तर पाठपुराव्याला आलेली कार्यकर्ती घरी पोहोचेल आणि आळीला कळेल. शहरातल्या खोलीचा लिहिला तर पुढच्या महिन्यात तो खरा राहीलच असे नाही. त्यामुळे बाई बहुतेक वेळा फोन नंबर देते, आणि कोणत्या वेळी फोन करू नये तेही सांगते. तेवढे वाक्य लिहायला रकान्यात जागा नसते. परिचारिका ते समासात लिहिते.