ताडोब्याच्या लेकी, सिमिलिपालचं सासर

या वाघाकडे नीट बघा. पट्टे इतके रुंद, की एकमेकांत मिसळून गेलेत. मधला पिवळा रंग जेमतेम उरलाय. लोक याला काळा वाघ म्हणतात. जंगलात मोकळा फिरणारा असा वाघ बघायचा, तर ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात, सिमिलिपालला यावं लागतं.

बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या रंगाचं मूळ शोधलं. एका जनुकातला बारीकसा बदल. काही घरगुती मांजरांच्या अंगावर सरळ पट्ट्यांऐवजी गोल नक्षी दिसते ना, तीही याच जनुकाची करामत. पण बदल आई आणि बाप, दोघांकडून आला तरच पिल्लू काळं होतं. एरवी तो लपून राहतो. मग सिमिलिपालमध्ये तीन वाघांमागे एकाहून जास्त काळे कसे?

आपल्याकडे सोयरीक जुळवताना आधी गोत्र विचारतात. इथे अख्ख्या जंगलाचं गोत्र जवळपास एकच. २०२३-२४ च्या गणनेत प्रौढ वाघ भरले २७. त्यातले पिलं होणारे आणखी कमी, आणि खरे मोजायचे ते तेवढेच. बाहेरून तर कुणी येतच नाही.

नुसत्या काळ्या रंगानं वाघाचं फारसं बिघडत नसेलही. पण मोजक्या, एकमेकांच्या नात्यातल्या वाघांत तो ज्या योगायोगानं पसरला, त्याच वाटेनं आजारही पसरतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पँथरचं, म्हणजे तिथल्या प्यूमाचं, तेच झालं: वीस-तीस उरलेले, शेपट्या मुरगळलेल्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा कुठे सुदृढ पिलं दिसू लागली.

सिमिलिपालनं माद्या मागवल्या त्या आपल्या ताडोब्यातून. २०२४ च्या ऑक्टोबरात जमुना गेली, नोव्हेंबरात झीनत. चंद्रपुरात वाघांची दाटी, तेव्हा दोन लेकी दिल्यानं काही उणं पडलं नाही.

झीनत मात्र सासरी टिकेना. जंगल सोडून झारखंडात शिरली, तिथून पश्चिम बंगालात. मागे वनखात्याची पळापळ. शेवटी २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात बेशुद्ध करून तिला धरलं आणि पुन्हा सिमिलिपालला आणलं. योजना आखणाऱ्यांनी वाघिणीला विचारलं नव्हतं, हे उघडच आहे.

या दोघींना पिलं झाली, तर बाप काळा असला तरी ती पट्टेरीच निघतील. काळ्या वाघासाठी कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना ते रुचेल की नाही, कोण जाणे.