पूर्ण झालेलं अनंत
(नाशिकमध्ये गोदाकाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सतरंजीवर बसण्याआधी तुम्ही चपला बाहेर काढल्यात. इथे किती माणसं आहेत मला ठाऊक नाही. पण जाताना प्रत्येकाला आपापला जोड मिळाला आणि एकही मागे उरला नाही, तर जोड आणि माणसं सारखीच होती एवढं नक्की. मोजावं लागत नाही, जोडी लागली की पुरे.

आता १, २, ३ ही न संपणारी रांग घ्या. १ समोर २ ठेवा, २ समोर ४, ३ समोर ६. सगळ्यांना सम संख्या पुरल्या आणि विषम संख्या बाजूला तशाच राहिल्या! गॅलिलिओने १६३८ साली वर्गसंख्यांबाबत हेच पाहिलं आणि ठरवलं की अनंताला कमी-जास्त हे शब्द लावूच नयेत. अनंत पूर्ण झालेलं मानायला गणिती गाउसनेही १८३१ च्या एका पत्रात हरकत घेतली. रांग वाढते म्हणा, संपूर्ण रांग हातात आली म्हणू नका. डेडेकिंड या गणित्याने मात्र १८८८ साली याच अडचणीची व्याख्या केली: जो संच स्वतःच्याच एका भागाशी जोडीने जुळतो, तो अनंत.

मला इथे भास्कराचार्य आठवतात. त्यांच्या नातवाचा शिलालेख इथून फार लांब नाही, चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. ‘बीजगणित’ या ग्रंथात भास्कराचार्य लिहितात, शून्याने भागलेल्या राशीत, म्हणजे खहरात, कितीही मिळवा वा काढा, ती बदलत नाही; जसा प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी जीव आत-बाहेर झाले तरी अच्युत बदलत नाही. एकोणिसाव्या शतकातला गणिती कँटर, त्याचं काम त्यांनी आधीच केलं होतं, असं मी म्हणणार नाही. अनंतांमध्येही लहान-मोठं असतं, हे सिद्ध केलं कँटरनेच. पण मिळवून-काढून न बदलण्याचा हा गुण त्यांना दिसला होता, आणि त्याचं मला अपार कौतुक आहे.

मुलं नेहमी विचारतात, विश्व प्रसरण पावतं ते कशात? अनंत पट्टीवरची प्रत्येक खूण दुप्पट अंतरावर न्या. सगळी अंतरं वाढली, पट्टीबाहेर जागा लागली नाही. विश्व अनंत असेल तर उत्तर हेच.

पण ते अनंत आहे का? प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार अवकाशाची वक्रता शून्याच्या अगदी जवळ आहे, म्हणजे ते जवळजवळ सपाट आहे. सपाट म्हणजे अनंत, असं मात्र नाही. जुन्या मोबाईलवरचा सापाचा खेळ आठवा: उजवीकडून बाहेर गेलेला साप डावीकडून आत येई. पडदा सपाट, तरी सांत, म्हणजे मर्यादित.

म्हणून गणितातलं पूर्ण अनंत मी मनापासून मानतो. तिथे गृहीतकं उघड असतात आणि प्रत्येक पायरी तपासता येते. आकाशाबाबत तसं म्हणायला मी तयार नाही. आपल्याला सगळीकडे सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंतच दिसतं. विश्व त्याहून लहान आणि स्वतःला वळसा घालणारं असतं, तर पार्श्वप्रारणात, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून येणाऱ्या मंद प्रारणात, एकच भाग दोन दिशांना दिसून वर्तुळांच्या जुळत्या जोड्या दिसल्या असत्या. शोधल्या, अजून सापडलेल्या नाहीत. सापडल्या तर विश्व सांत ठरेल. न सापडल्या तर ते आपल्या नजरेपेक्षा मोठं आहे, एवढंच ठरेल.